पावतीवर ‘देणगी’ लिहिलंय की ‘अनामत’?

ज्येष्ठांसाठीच्या निवासी संस्था आणि संकुलांबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. राहणं, जेवण आणि पुढे आजारपणातली देखभाल हे सगळं एका करारात देणाऱ्यांसाठी आपल्याकडे एकच असा स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक कायदा, रेरा (बिल्डरांच्या गृहप्रकल्पांसाठीचा कायदा), धर्मादाय कायदा, ज्येष्ठ नागरिक कायदा यांतला कोणता तुमच्या कामी येईल, हे तुमचे पैसे कोणत्या नावाने घेतले गेले यावर ठरतं. म्हणून बहुतेक उत्तरं फिरून पावतीपाशी येतात.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. शहराजवळच्या एका संस्थेत आम्ही दोघं नवरा-बायको राहायला जायचा विचार करतोय. साडेसहा लाख रुपये ‘परत मिळणारे’ म्हणून मागितलेत, शिवाय दरमहा माणशी २२,००० रुपये, त्यात जेवण-राहणं आलं. नाव नोंदवायला पाच हजार भरले तर पावती ‘कॉर्पस देणगी’ अशी हातात आली. विचारलं तर म्हणाले, ते ऑडिटसाठी असतं, तुम्ही काळजी करू नका. मुलगी म्हणते, बाबा थांबा. काय करावं?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मुलीचं ऐका. कॉर्पस म्हणजे संस्थेचा कायमस्वरूपी निधी, आणि देणगी दिली की ती परत मागायचा हक्क सहसा उरत नाही. उद्या वाद झाला तर तोंडी दिलेला शब्द सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येईल आणि समोर तुमच्याच हातातली पावती असेल. त्या पावतीवर ८०जी खाली आयकराची वजावट घेतली असेल तर प्रश्न आणखी बिघडतो, कारण ती रक्कम देणगी होती असं तुम्हीच सरकारला लिहून दिलेलं असतं.

मोठी रक्कम भरण्याआधी पावतीचा मजकूर लेखी ठरवून घ्या : ‘निवासासाठी परत करावयाची अनामत, खोली क्रमांक अमुक, करार दिनांक अमुक’. पैसे चेकने किंवा आरटीजीएसने द्या आणि तेही ट्रस्टच्या नोंदणीतल्या नावाच्याच खात्यात. विश्वस्तांच्या घरच्या खात्यात किंवा ‘बांधकाम समिती’च्या खात्यात एक रुपयाही नको. संस्था असा मजकूर द्यायला तयार नसेल तर तिला पैसे परत द्यायचे नाहीत असं समजून पुढचं ठरवा.

करारात सगळ्यांत जास्त फसवणारी ओळ अशी असते : ‘खोलीत नवीन रहिवासी आल्यानंतर अनामत परत केली जाईल.’ नवीन माणूस दोन वर्षं आला नाही तर? तिथे दिवसांचा आकडा हवा. ‘खोलीचा ताबा परत दिल्यापासून ६० दिवसांत, उशीर झाल्यास अमुक टक्के व्याज’ असं लिहून घ्या. कपात असेल तर तीही वर्षागणिक आकड्यांत हवी. ‘योग्य ती कपात’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. तुम्ही दोघं आहात, म्हणून एक जण मागे राहिला तर अनामतीचं काय होईल आणि एकट्याने खोली ठेवली तर महिन्याला किती लागतील, हेही आजच लिहून घ्या. हा विषय काढायला अवघड वाटतं, पण करारात बहुतेक वेळा हीच जागा कोरी सापडते.

आता दरवाढ. माणशी २२,००० वर दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर आठव्या वर्षी सुमारे ४२,९०० होतात. पाच टक्के धरली तर सुमारे ३०,९५०. एका माणसामागे महिन्याला जवळजवळ बारा हजारांचा फरक पडतो, दोघांचा चोवीस हजारांचा. पेन्शन काही त्या वेगाने वाढत नाही. म्हणून वाढीची कमाल टक्केवारी आणि किमान तीन महिन्यांची लेखी पूर्वसूचना मागा.

जीएसटीचाही एक मुद्दा यात दडलाय. आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात साठ किंवा त्याहून जास्त वयाच्या रहिवाशाकडून राहणं, जेवण आणि देखरेख मिळून माणशी दरमहा २५,००० रुपयांपर्यंत घेतलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही. १० टक्के वाढीने तुमचे २२,००० दुसऱ्या वर्षी २४,२०० आणि तिसऱ्या वर्षी २६,६२० होतील, म्हणजे तिसऱ्याच वर्षी सवलतीची रेघ ओलांडली जाईल. तेव्हाचा कर कोण भरणार हे करारात हवं. खाजगी कंपनीच्या संकुलाला ही सवलत पहिल्या दिवसापासूनच नाही.

आणखी एक कागद मागा : मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब. ट्रस्टला ते दरवर्षी धर्मादाय कार्यालयात द्यावेच लागतात, त्यामुळे संस्थेने टाळाटाळ केली तर तिथे नकलेसाठी अर्ज करता येतो. ताळेबंदात देणी बाजूला ‘रहिवाशांच्या अनामती’ असं काही आहे का ते आधी पाहा. समजा ६० जणांचे प्रत्येकी साडेसहा लाख म्हणजे ३ कोटी ९० लाख तिथे दिसतात आणि दुसऱ्या बाजूला बँकेतल्या मुदतठेवी जेमतेम बारा लाखांच्या आहेत. मग पैसा इमारतीत गेलाय आणि तुमची अनामत पुढच्या येणाऱ्याच्या अनामतीतून परत होणार आहे. आणि अनामतीचा रकानाच नसेल, सगळं कॉर्पसमध्ये घातलेलं असेल, तर तुमचे पैसे परत करायचे आहेत हे संस्थेच्या वहीत कुठेच नाही.

प्रश्न : आमची आई परभणीजवळच्या एका खाजगी निवासात १४ महिने होती. चार लाख अनामत आणि महिन्याला १८,००० देत होतो. मागच्या दिवाळीनंतर ती गेली. संस्था म्हणते, ‘नूतनीकरण आणि प्रशासकीय खर्च’ वजा जाता दीड लाख घ्या आणि सही करा. करारात ‘अनामत नियमानुसार परत’ एवढंच आहे, नियम कधी दाखवलेच नाहीत. भाऊ नॉमिनी आहे. आम्ही तिघं भावंडं.
– एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. अशी प्रकरणं सगळ्यांत जास्त इथेच बिघडतात. दीड लाखांचा चेक घ्यायचाच असेल तर ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून स्वीकारला’ असं पावतीवर हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा.

पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये येते आणि ग्राहक वारला तर त्याच्या कायदेशीर वारसांना तक्रार करता येते. नॉमिनी सहसा रक्कम स्वीकारण्यापुरता असतो, मालक सगळे वारस. म्हणून तक्रारीत तिघांची नावं घाला. एकट्या भावाने केली की ‘बाकीचे वारस कुठे?’ या एका हरकतीवर तारखा जातात.

आधी स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. वकिलाचीच हवी असं नाही, साध्या कागदावर तुम्ही लिहिलेलीही चालते. तीन गोष्टी मागा : कपातीचा तपशील बिलांसह, ज्या ‘नियमां’चा आधार घेतला त्यांची आईने सही केलेली प्रत आणि १५ दिवसांत पूर्ण रक्कम. सही केलेली प्रत नसेल तर तो नियम आईला कधी सांगितलाच नव्हता, हा मुद्दा तुमच्या बाजूने उभा राहतो. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ संस्था एवढ्यावर बोलणी सुरू करतात. पण हेल्पलाइन निकाल देत नाही आणि तिथे तक्रार आहे म्हणून मुदतही थांबत नाही.

मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येते आणि तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात चालते, म्हणजे संस्थेचं मुख्य कार्यालय पुण्यात असलं तरी परभणीतच. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं जिल्हा आयोगाकडे असतात. तक्रारीची फी तुम्ही संस्थेला दिलेल्या रकमेवर ठरते : पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. तुमचे चार लाख आणि १४ महिन्यांचे २ लाख ५२ हजार मिळून ६ लाख ५२ हजार होतात, तेव्हा २०० रुपये. वकील सक्तीचा नाही.

सोबत लावायचं ते असं : करार, सगळ्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, मृत्यू दाखला, वारसांचे ओळखपत्र, खोली रिकामी करून दिल्याची तारीख दाखवणारा कागद. हा शेवटचा कागद कोणाकडेच नसतो. किल्ली दिल्यावर एक ओळीचा व्हॉट्सॲप निरोप पाठवला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट चालेल. ज्यांच्या घरचं कुणी आज अशा ठिकाणी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं, किल्ली देताना पोच घ्या आणि भिंती, नळ, पलंग, खिडक्या यांचे फोटो काढा. ‘नूतनीकरण’ नावाच्या कपातीला दुसरं उत्तर नाही.

एक बारकावा. ‘ही अटच अन्यायकारक आहे, ती रद्द करा’ अशी मागणी जिल्हा आयोगात करता येत नाही. अवाजवी अनामत किंवा प्रमाणाबाहेरचा दंड असलेल्या कराराला अन्यायकारक करार म्हणून आव्हान द्यायचं ते राज्य आयोगात. त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला बसतं, मुंबईला जायला नको. तुमच्या प्रकरणात मात्र अट रद्द करायची गरजच नाही, ती कुठे लिहिलेली नाही. ‘सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा’ एवढीच मांडणी ठेवा आणि जिल्हा आयोगात जा.

प्रश्न : लातूरला ‘सीनिअर सिटीझन टाउनशिप’मध्ये ३२ लाखांचा फ्लॅट बघितलाय. माहितीपत्रकात २४ तास नर्स, ॲम्ब्युलन्स, फिजिओथेरपी सगळं आहे. बुकिंगला पाच लाख मागतात, रजिस्ट्री नंतर करू म्हणतात.
– निवृत्त मुख्याध्यापक, लातूर

उत्तर : नोंदणीकृत विक्री करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, असं रेरा कायद्याचं कलम १३ सांगतं. ३२ लाखांचे १० टक्के म्हणजे ३ लाख २० हजार. पाच लाख मागणं हीच पहिली चूक आहे. महारेरा म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा, पूर्ण होण्याची तारीख आणि जमिनीचे कागद स्वतः बघा. क्रमांकच नसेल आणि ‘प्री-लाँच भाव’ म्हणत असतील तर पैसे देऊ नका.

ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी महारेराने २०२४ मध्ये किमान निकष ठरवून दिले आणि ते विक्री करारातही आले पाहिजेत असं सांगितलं. नमुना फ्लॅट बघायला जाताना मोजपट्टी खिशात ठेवा. दाराची रुंदी किमान ९०० मिलिमीटर हवी, म्हणजे व्हीलचेअर आत जाते. जिना किमान १५०० मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट. न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि धरायला दांडे. तो दांडा एकदा जोर लावून ओढून बघा. टाइलमध्ये नुसत्या प्लास्टिकच्या गुट्ट्यांवर बसवलेला दांडा माणसाचं वजन पेलत नाही, आणि पडणारा माणूस त्यालाच लटकतो.

रेराचा हात इमारतीपर्यंत पोचतो. ताबा उशिरा दिला, जाहिरातीत खोटं सांगितलं, ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर महारेराकडे जाता येतं. पण दहा वर्षांनी रात्री नर्स नसेल, डाळ पाणीदार असेल तर तो सेवेचा प्रश्न, आणि सेवा देणारी कंपनी बहुतेक वेळा बिल्डरहून वेगळी असते. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाच्या २०१९ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांत यासाठीच बिल्डर, सेवा कंपनी आणि घर घेणारा अशा तिघांचा करार सुचवलाय. तोच मागा. त्यात सेवा कंपनी किती वर्षांसाठी बांधलेली आहे, ती सोडून गेली तर किती दिवसांत दुसरी येणार आणि रहिवाशांना बहुमताने ती बदलता येईल का, हे असू द्या. माहितीपत्रक कराराला परिशिष्ट म्हणून जोडून घ्या. ‘नर्स २४ तास’ याचा अर्थ किती घरांमागे किती नर्स, कोणत्या पात्रतेच्या, हे आकड्यांत हवं.

लातूरकरांना पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत दहा डब्यांतून पाच लाख लिटर. तरीही विक्री करारात ‘पाणीपुरवठा : बोअर व नळ’ एवढंच छापलेलं असतं. बोअर आटल्यावर टँकर कोण आणणार, पैसे मेंटेनन्समधून की वेगळे, माणशी रोज किमान किती लिटर, साठवणीची टाकी किती दिवसांची, हे चार आकडे लिहून घ्या. ऐंशी वर्षांचा माणूस बादल्या घेऊन खाली येऊ शकत नाही.

प्रश्न : आमच्या काकांना मूलबाळ नाही. बीड जिल्ह्यातली अडीच एकर जमीन एका आश्रमाला बक्षीसपत्र करून द्यायची, आश्रमाने मरेपर्यंत सांभाळायचं, असं ठरलंय. धोका आहे का?
– पुतण्या, बीड

उत्तर : आहे. नुसतं बक्षीसपत्र झालं आणि सांभाळण्याची अट त्यात नसली तर जमीन गेली आणि सांभाळ आश्रमाच्या मर्जीवर राहिला.

ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ चं कलम २३ इथे कामी येतं. मूलभूत गरजा आणि देखभाल पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. घेणारा मुलगाच असला पाहिजे असं कलम म्हणत नाही. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायचा. पण अट होती हे सिद्ध व्हावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात तेच सांगितलं. म्हणून अट बक्षीसपत्रातच घाला, आणि मोघम ‘सांभाळ करतील’ नको. स्वतंत्र खोली, दोन वेळचं जेवण, औषधं, दवाखाना, अंथरुणाला खिळल्यास माणूस, आणि हे न झाल्यास बक्षीसपत्र रद्द होईल, असं स्पष्ट लिहा.

त्याआधी सातबारा बघा. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) आणि देवस्थानच्या जमिनी पुष्कळ आहेत. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर चालत नाही आणि काकांचा सगळा व्यवहारच अडकतो. आश्रमाच्या स्वतःच्या जमिनीचा सातबाराही काढा. ती वर्ग २ ची असेल तर काका राहणार ती खोलीच वादात आहे.

आमचं मत विचाराल तर बक्षीसपत्र करूच नये. मृत्युपत्र करावं, जमीन काकांच्या नावावरच राहू द्यावी आणि बटाईचं किंवा ठोक्याचं उत्पन्न आश्रमाला महिन्याच्या खर्चापोटी द्यावं. मृत्युपत्र कधीही बदलता येतं. आश्रमाला काकांचीच काळजी असेल तर त्याला हे चालेल.

प्रश्न : वडिलांना विसरभोळेपणा वाढलाय. नांदेडची संस्था म्हणते सात दिवसांत घेऊन जा. मुलगा अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडे आजन्म देखभालीचे करार असतात. आपल्याकडे तसं नाही का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तिकडे स्वतंत्र राहणं, मदतीने राहणं आणि पूर्ण शुश्रूषा हे तिन्ही टप्पे एकाच संकुलात असतात, आणि अशा संकुलांवर देखरेखीचे कायदे तिथली राज्यं करतात, राज्याराज्यांत ते वेगळे असतात. कॅलिफोर्नियात राहायला गेल्यावर पहिल्या ९० दिवसांत करार सोडता येतो. पण तिथेही करार तीन तऱ्हांचे : एकात पुढची शुश्रूषा जवळजवळ त्याच दरात, दुसऱ्यात ठराविक दिवसांपुरती, तिसऱ्यात लागेल तसे बाजारभावाने पैसे. स्वस्त दिसणारा तिसरा असतो.

तुमच्या करारात ‘आजन्म’, ‘शेवटपर्यंत’, ‘शुश्रूषा विभाग’ असे शब्द आहेत का ते आज रात्रीच वाचा. असतील तर सात दिवसांची नोटीस ही सेवेतली त्रुटी आहे, तसं लेखी कळवा. नसतील तरी तीन गोष्टी मागता येतात : बाहेरच्या डॉक्टरचं, शक्यतो मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं मूल्यमापन, दुसरी सोय होईपर्यंत ३० दिवस आणि अनामतीचा हिशेब. सामान बाहेर काढण्याची भाषा झाली तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ दरम्यान फोन करा.

नवीन जागा शोधताना ‘आमच्याकडे मेडिकल विंग आहे’ असं कुणी म्हणालं तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. रुग्ण ठेवून उपचार करायला ते लागतं, आणि त्यावर खाटांची संख्या असते. खाटा चार आणि रहिवासी ऐंशी असतील तर वडिलांची पाळी कधी येईल, ते तिथेच विचारा.

प्रश्न : पाचशेच्या बाँडवर नोटरी केलेला ११ महिन्यांचा करार पुरेसा आहे का?
– एक वाचक, जालना

उत्तर : स्वतंत्र फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर घेतला असेल तर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी जागामालकाची आहे. खर्चही मोठा नाही. महिना १२,००० आणि परत मिळणारी अनामत दोन लाख असेल तर ११ महिन्यांचं भाडं १,३२,००० आणि अनामतीवर १० टक्के दराने धरलेलं व्याज १८,३३३. त्या बेरजेवर पाव टक्का म्हणजे सुमारे ३७६ रुपये मुद्रांक शुल्क आणि शहरात १,००० रुपये नोंदणी फी.

वृद्धाश्रमातली खोली असेल तर गोष्ट वेगळी. त्या कायद्यातल्या ‘लायसन्सी’च्या व्याख्येतून वसतिगृह, शुश्रूषागृह, धर्मशाळा, विधवा-अनाथांची गृहं आणि तत्सम जागा वगळल्या आहेत, तेव्हा संस्था कलम ५५ लागूच नाही म्हणेल. तिथे तुमचा आधार ग्राहक कायदा आणि करारातली प्रत्येक ओळ. नोटरीने फक्त सही कुणाची ते पाहिलेलं असतं, मजकूर नाही. करार मराठीत मागा, प्रत्येक पानावर दोघांच्याही सह्या घ्या, आणि एक मूळ प्रत संस्थेच्या कपाटात न ठेवता मुलीकडे किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा.